साळवेबाईंचा स्टेनो

साळवेबाईंच्या हाताखाली मी मराठी टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा काठावर पास झाले. तरीही मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसात कुणी "तुझा हात बरा चालतो गं" म्हटलं की मी लगेच बाईंचं नाव सांगते. बाईंनी हे ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, "परब, माझं नाव सांगत फिरू नकोस. क्लास बंद पडेल." क्लास तर केव्हाच बंद पडला होता.

भांडुप पश्चिमेला बाजाराच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांची लांबुळकी खोली होती. चौदा मशीनं, चौदा स्टुलं आणि भिंतीवर एक घड्याळ. खाली गिरणी सुरू झाली की लाकडी जमीन थरथरायची आणि फटींमधून पिठाची भुकटी वर यायची. बाई दर तासाला फडक्याने सगळी मशीनं पुसायच्या, तरी आम्ही केसांवर पीठ घेऊनच घरी जायचो. बाई स्वतः पाच फुटांच्या आतल्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात आणि हातात एक लाकडी पट्टी. ती पट्टी त्यांनी कधी कुणाला मारली नाही, फक्त टेबलावर आपटली. तिचा आवाज गिरणीच्या वर ऐकू यायचा, म्हणजे बघा.

त्यांचा मुख्य नियम एकच होता. "अर्थ बघायचा नाही. अक्षर बघायचं."

हा नियम आम्हाला आधी विचित्र वाटायचा. पण बाईंचं म्हणणं असं, की मजकुराचा अर्थ कळायला लागला की डोकं पुढे धावतं आणि जे कागदावर नाहीच ते बोटं टाइप करून टाकतात. टायपिस्टने पोस्टमनसारखं असावं, पाकीट पोचवावं, उघडून वाचू नये. एकदा सरावाच्या उताऱ्यात एका मुलाची आई मरते असा प्रसंग होता. मी सोळा-सतरा वर्षांची. मधेच थांबले, डोळे पुसायला लागले. पट्टी आपटली. "परब! मेली ती मेली. तू स्पीड सोडू नकोस!"

मी घरी जाऊन हे आईला सांगितलं. आई मालवणी, तिला असलं काही चालायचं नाही. "आवस मेल्याचा टायप करूक लावता आणि रडूक पण देना नाय? कसली गो बाई ती!" पण महिनाअखेरीला तिनेच बाईंसाठी सोलकढी करून बाटलीतून पाठवली.

क्लासच्या जोडीला बाई बाहेरची कामं घ्यायच्या. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भांडणाच्या नोटिसा. आमच्या चाळीतल्या एका जोडप्याचे कोर्टाचे कागद त्यांच्याकडे टायपिंगला आले तेव्हा सगळी चाळ त्यांच्या दारात. कुणी भाजी घेऊन आलं, कुणी सहज म्हणून. "बाई, काय लिहिलंय हो त्यात?" बाई शांतपणे म्हणाल्या, "दोन पानं, दीड स्पेस, एक कार्बन." त्या काही लपवत होत्या असं लोकांना वाटलं. मला खात्री आहे, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, मग गल्लीत कॉम्प्युटर शिकवणारेही उदंड झाले. बाईंनी मशीनं देऊन टाकली आणि एकच कॉम्प्युटर घेऊन घरी बसल्या. त्यांचे यजमान तोवर गेले होते, मुलगा नाशिकला नोकरीला होता. मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जायचे. का जायचे ते मला नेमकं सांगता येणार नाही. मला सासर नव्हतं आणि त्यांना सून जवळ नव्हती, तेव्हा आमचं जमलं.

बाईंच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर कुणा जुन्या विद्यार्थ्याने फुकटातली, हलकी सिस्टीम टाकून दिली होती. तिच्यात एक काळा पडदा होता. त्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण इंग्रजी अक्षरांत हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं, की कॉम्प्युटर ते काम करतो. बाकी लोक त्या पडद्याला घाबरतात. बाई त्याच्या प्रेमात पडल्या. "इथे टाइप करावं लागतं, परब. बाकी सगळीकडे नुसतं बोट दाखवायचं. बोट काय, लहान मूलसुद्धा दाखवतं."

अडचण इतकीच होती, की त्या हुकुमांची भाषा त्यांना येत नव्हती. तेव्हा मीच त्यांना एआय दाखवलं, एवढं श्रेय मी घेते. म्हटलं, "बाई, काय हवंय ते मराठीत लिहा. तो कमांड लिहून देतो, ती पडद्यावर टाइप करा."

बाईंनी पदर खोचला आणि टाइप करता करता मोठ्याने बोलायला लागल्या, साहेब लोक पूर्वी सांगायचे तशा. "माझ्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत, स्वल्पविराम, ते मोजण्याची कमांड द्यावी. पूर्णविराम. कळावे."

उत्तर आलं. बाईंनी कमांड टाइप केली, एंटर दाबलं, पडद्यावर आकडा आला. ३१२. बाई खुर्चीत मागे रेलल्या. "जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. आता मी सांगते आणि हा लिहितो. माझ्या हाताखाली स्टेनो आला गं, परब!" त्या दिवसापासून त्याचं नाव स्टेनो पडलं. त्याला त्या कायम अहो-जाहो करत. मी अरे-तुरे केलं की म्हणत, "तो तुझा वर्गमित्र आहे काय? तुझ्यापेक्षा त्याचं शुद्धलेखन बरं आहे."

त्या ३१२ फाइली म्हणजे नाना गांगुर्ड्यांची गाणी होती.

नाना कांजूरमार्गला राहतात. ऐंशीच्या पुढे गेलेले, मूळचे नगरकडचे. तरुणपणी त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला, बारशाला, वस्तीतल्या नळाच्या आंदोलनालासुद्धा ते गाणी रचून गायचे. पार्टीत ढोलकीला बाईंचे यजमान होते. ते गेल्यावर नाना एक पिशवीभर वह्या घेऊन बाईंकडे आले आणि म्हणाले, "माझा ढोलकीवाला गेला, आता निदान गाणी तरी टाइप करून ठिवा." बाईंनी सलग तीन वर्षं रोज थोडी थोडी करून ती सगळी उतरवली. अर्थ न बघता, अर्थातच. पुढे नानांच्या घरी त्या वह्यांना वाळवी लागली, त्यामुळे गाणी उरली ती फक्त बाईंच्या कॉम्प्युटरात.

आणि तिथेही ती अडकून पडली होती. बाईंनी ती ज्या जुन्या फाँटात टाइप केली होती तो फाँट आता दुसरीकडे कुठेच चालत नव्हता. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी डॉलर, कंस आणि टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. बाईंचा डबा बंद पडला असता तर नानांचं आयुष्यभराचं गाणं कुणाला वाचताच आलं नसतं. नानांना मात्र एकच हौस होती, डोळे आहेत तोवर आपलं पुस्तक हातात धरून, त्यात बघून गायचं. भेटले की विचारायचे, "बाई, कुठवर आलंय?" बाई म्हणायच्या, "आलंच." तो प्रश्न ऐकला की बाईंचा चहा गार व्हायचा.

स्टेनो कामाला लागला. जुन्या फाँटातलं कुठलं चिन्ह म्हणजे नवीन पद्धतीतलं कुठलं अक्षर, याची यादी बाईंनी त्याला सांगितली आणि सगळ्या फाइली एकदम बदलण्याची कमांड त्याने लिहून दिली. पहिल्या वेळी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. 'धर्म' दिसेना. बाईंनी त्याला चार ओळींचा मेमो लिहिला. त्याने दुरुस्ती केली. तीन रविवार हे चाललं. चौथ्या रविवारी माझ्या मोबाइलवर नानांचं पहिलं गाणं स्वच्छ मराठीत उघडलं, तेव्हा मी उडीच मारली. बाईंनी मोबाइल हातात घेतला, नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलाय."

त्या मोठ्या फोल्डरच्या आत गाणी वेगवेगळ्या छोट्या फोल्डरांत होती. एकेक फोल्डर बदलून झालं की मी त्याची प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर घेत होते. शेवटचं फोल्डर राहिलं होतं, एक्केचाळीस गाण्यांचं. ते बदलून झालं. त्यात मधल्या कामाच्या काही कच्च्या फाइली साठल्या होत्या, त्या काढून मगच प्रत घेऊ असं बाई म्हणाल्या. बाईंना टेबलावर कचरा चालत नसे.

आता बाईंची काम करण्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टेनोचं उत्तर आलं की त्यातल्या साध्या ओळी बाई वाचत नसत. कमांड करड्या चौकटीत येते, हे त्यांनी हेरलं होतं. चौकटीत आहे तो मजकूर, बाकीचं ते पाल्हाळ. चौकटीतलं त्या उचलून चिकटवत नसत, "तो कॉपीचा प्रकार झाला." प्रत्येक अक्षर स्वतः टाइप करायचं, वरपासून खालपर्यंत, एकही चौकट न गाळता. पानावर आहे ते सगळं उतरवायचं, हा पस्तीस वर्षांचा हात.

त्या दिवशी उत्तरात दोन चौकटी होत्या. पहिलीत कच्च्या फाइली काढण्याची कमांड. खाली स्टेनोने मायेने लिहिलं होतं, की ताऱ्याच्या चिन्हापुढचं कच्च्या फाइलींचं नाव चुकून राहिलं तर फोल्डरातलं सगळं पुसलं जाईल, म्हणून खालीलप्रमाणे कधीही लिहू नका. आणि 'खालीलप्रमाणे' काय, ते दुसऱ्या चौकटीत.

मी शेजारी बसून खारी चहात बुडवत होते. बाईंनी पहिली चौकट टाइप केली, एंटर. दुसरी टाइप केली, बोलत बोलत. "आर, एम, स्पेस, तारा." एंटर.

पडदा गप्प. त्या पडद्याची रीतच तशी, काम नीट झालं की तो काही बोलत नाही. बाई समाधानाने चष्मा पुसायला लागल्या. मी फाइलींची यादी काढायला सांगितली, पेन ड्राइव्ह हातात घेऊन तयार. यादी आली नाही. पुन्हा काढली. रिकामी.

"बाई," मी म्हटलं, "गाणी कुठेत?"

मग आम्ही दोघींनी स्टेनोचं उत्तर पहिल्यांदाच नीट वाचलं. 'कधीही लिहू नका' हे तीन शब्द बाईंनी दोनदा वाचले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. एका अक्षराची चूक नव्हती हो त्यांची. अगदी शंभर टक्के अचूक टायपिंग.

बाईंनी त्याला लिहिलं, या वेळी मोठ्याने न बोलता. गेलेल्या फाइली परत कशा मिळतील? त्याने उपाय सांगितले, आम्ही दुपारपर्यंत ते करून बघितले, हाती आले ते अक्षरांचे तुकडे. पण त्याने आणखी एक वाक्य लिहिलं होतं: करायची कमांड आणि न करायची कमांड मी एकसारख्या चौकटींत शेजारी ठेवायला नको होत्या, ही माझीही चूक आहे. बाईंनी ते वाचून मान हलवली. "बघ. इतक्या वर्षांत इतकी मुलं माझ्या हाताखालून गेली. एकाने स्वतःहून चूक कबूल केली नाही. सगळ्यांचं मशीनच बिघडलेलं असायचं." त्या हसल्या, पण डोळे भरलेले होते. "परब, याची चूक अर्धी. माझी पुरी. तो सांगत होता आणि मी वाचत नव्हते."

"नानांना आत्ताच सांगायला नको," मी म्हटलं. "काहीतरी करू ना यार बाई, कुणाला तरी विचारू."

"चल," त्या म्हणाल्या. "साडी बदलते."

आम्ही कांजूरला पोचलो तेव्हा वारा नेमका कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत होता आणि सगळ्या चाळीच्या खिडक्या बंद होत्या. नाना आत खाटेवर बसून रेडिओ दुरुस्त करत होते. बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाल्या, "नाना, तुमची एक्केचाळीस गाणी माझ्या हातून गेली. मी पुसली. नको ते टाइप केलं."

मी भिंतीकडे बघत होते. ऐंशी वर्षांचा माणूस, त्याला हे काय ऐकवायचं, असं मनात येत होतं.

नानांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "कोंची?"

बाईंना सांगता येईना. कुठली गाणी होती ते त्यांना ठाऊकच नव्हतं! त्यांना फाइलींचे नंबर पाठ होते, शब्द एकही नाही. तीन वर्षं रोज टाइप केलेली गाणी. बाई एकदम खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"आगं बाई, रडायला काय झालं?" नाना म्हणाले. "मी हाय न्हवं अजून? वही गेली, मशीन गेलं, गळा हाय की. तुमी लिवा, मी म्हणतो. कदी येता?"

"उद्या," बाई पदरातून म्हणाल्या.

आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाचा तरी लॅपटॉप पैदा केला आणि रोज दुपारी कांजूरला जायला लागल्या. रविवारी मी सोबत. मला वाटलं होतं हे काम दोन दिवसांत उरकेल, नाना म्हणतील, बाई टाइप करतील. पण कागद समोर नव्हता, माणूस होता. गाणाऱ्या माणसाचं अर्थ न ऐकता कसं टाइप करणार? नाना एका कडव्यावर थांबत, मागचं सांगत, कुणाच्या बारशाला रचलं, कुठल्या पोलिसाने पेटी उचलून नेली, मग पुढचं कडवं. बाईंची बोटं थांबायची. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा स्पीड मिनिटाला दहा शब्दांवर आला होता.

एका दुपारी नानांनी गायला सुरुवात केली,

पाटी होती फुटकी माझी, अक्षर होतं अख्खं,
दाराबाहेर बसून शिकलो, घर झालं गं लख्खं.

बाई टाइप करायच्या थांबल्या. "हे मी आधी टाइप केलंय?"

"तर! तुमीच."

"फुटकी पाटी माझ्या वडिलांकडेही होती," बाई म्हणाल्या. मला उताऱ्यातली ती मेलेली आई आठवली, पण आज 'स्पीड सोडू नका' असं म्हणण्याची माझी काय टाप!

आणि मग ते ढोलकीचं गाणं आलं. ते सुरू करण्यापूर्वीच नाना मिशीत हसत होते.

ढोलकीवाला उशिरा येतो घरी भाकरी थापून,
बाईल त्याची बसली तिकडं कागद कागद छापून.

बाईंनी मान वर केली. "हे कुणावर?"

"आता कुनावर असणार? पार्टीत ढोलकीवाला एकच व्हता." नाना खाटेवर थाप मारून ताल धरायला लागले. "तुमचा क्लास सुटंस्तवर त्यो सैपाक करायचा आन् मंग पळत यायचा. हाताला पीठ तसंच. ढोलकीवर पांढरी बोटं उठायची. आमी म्हणायचो, ह्याच्या घरी बायकूच्या डोईवर बी पीठ, ह्याच्या हाताला बी पीठ!"

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की लॅपटॉप मला धरावा लागला. हसता हसता रडल्या आणि पुन्हा हसल्या. "मेल्यानं मला कधी सांगितलं नाही हो! आणि मी... हे माझ्या हातून गेलं, नाना, माझ्याच बोटांनी टाइप केलं आणि मला पत्ता नाही!" मग त्यांनी नानांकडून ते गाणं चार वेळा म्हणवून घेतलं. चुका तपासायला, असं त्या म्हणाल्या. मलाही त्या वेळी रडू आलं, हे कबूल करते.

एक्केचाळीसपैकी अडतीस गाणी नानांना आठवली. तीन काही केल्या येईनात. बाईंचा चेहरा पडला. नाना म्हणाले, "बरं झालं गेली ती. भिकार असणार, म्हणून तर ध्यानात ऱ्हायली न्हाईत. तेवढी नवी करून देतो."

त्यानंतर बाई बदलल्या. म्हणजे पट्टी तीच, आवाज तोच, नियम मात्र उलटा. त्यांनी कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर कागद चिकटवला, 'आधी अर्थ, मग एंटर.' आता स्टेनोला त्या प्रत्येक कमांडचा शब्दन् शब्द समजावून सांगायला लावायच्या आणि आपल्या भाषेत नाव देऊन वहीत लिहून ठेवायच्या. प्रत काढण्याच्या कमांडला 'कार्बन'. दोन कमांडच्या मधली उभी रेघ, जी डावीकडचं काम उजवीकडे पोचवते, तिला 'शिपाई'. मोठ्या अधिकाराने काम करवून घेणारा एक शब्द असतो, त्याला 'साहेबांची सही'. पुसण्याच्या कमांडपुढे मात्र नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'पाणी पिऊन ये.' आणि खरंच, ती कमांड द्यायची वेळ आली की बाई उठून माठापाशी जायच्या, पाणी प्यायच्या, परत येऊन ओळ पुन्हा वाचायच्या आणि मगच बोट टेकवायच्या.

माझ्या शाळेत एकदा सहाशे मुलांच्या फोटोंना हजेरी नंबरची नावं द्यायची होती आणि मोठ्या बाईंना ती सोमवारी हवी होती. मी धावत साळवेबाईंकडे. स्टेनोने झटक्यात कमांड लिहून दिली. मी हात पुढे केला तर पट्टी आपटली.

"आधी सांग. हे काय आहे?"

"बाई, वाट लागलीय माझी, दाबू द्या ना."

"हा शब्द कशाला आलाय? आणि हा कंस?"

मी कसंबसं सांगितलं. कंसाला अडले. "मग एंटर नाही," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. मी बसून स्टेनोला विचारलं, त्याने मला तो कंस रिक्षाच्या रांगेचं उदाहरण देऊन समजावला. बाई परत आल्या तर दुसऱ्याच शब्दाला अडवलं. तिसऱ्या प्रयत्नात मी पास झाले. इथेही तिसऱ्याच. पण मग शाळेत मुख्याध्यापिकांनी "हे कसं केलंस?" म्हणून विचारलं तेव्हा मी फळ्यावर लिहून समजावून सांगितलं. तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात झकास दिवस होता.

बाईंची बिल्डिंग पाडायला निघाली आणि त्या नाशिकला मुलाकडे गेल्या. अजून फोन येतो, मोठमोठ्याने विरामचिन्हं सांगत मेसेज येतात. पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या कांजूरच्या विहारात, पुस्तकाच्या कार्यक्रमात, नाशिकला जायच्या आदल्या आठवड्यात.

पुस्तक झालं होतं. तीनशे बारा गाणी, मोठा टाइप, नानांच्या डोळ्यांना झेपेल असा. सतरंजीवर सगळी वस्ती बसली होती. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर पुस्तक उघडून, हातात पेन्सिल. नाना उभे राहिले, पुस्तक दोन हातांत धरलं, लांब केलं, जवळ आणलं आणि बघून गायला लागले. ऐंशी वर्षांच्या माणसाचं तोंड इतकं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं. जुनी गाणी झाली, ढोलकीचं झालं, लोकांनी वन्समोअर दिला. मग नाना म्हणाले, "आता तीन नव्यातलं एक," आणि शेवटच्या कडव्यावर आले.

गेली गाणी कुठं शोधू, वारा गेला नेऊन,
बाई आली दारी माझ्या, बसली कान देऊन.
बोटं तिची चालत होती, मन तिचं न्हालं...

आणि सरळ ध्रुपदावर गेले. चौथी ओळ म्हटलीच नाही.

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी पुस्तकात बघितलं, नानांकडे बघितलं, पुन्हा पुस्तकात बघितलं. मी त्यांचा पदर ओढला, "राहू दे ना बाई," पण ऐकतील तर त्या साळवेबाई कसल्या? ताडकन उभ्या राहिल्या. "नाना, थांबा! एक ओळ राहिली."

पेटी थांबली. नाना अगदी भोळेपणाने म्हणाले, "राहिली? कोंची ओ, बाई? मला दिसंना झालंय. तुमीच वाचून दावा की."

बाईंनी चष्मा लावला, पुस्तक वर धरलं आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचलं,

"अर्धं गाणं माझं त्यातलं, अर्धं बाईचं झालं."

वाचून झाल्यावर त्यांना अर्थ कळला. सगळा विहार टाळ्या वाजवत होता, नाना मिशीत हसत होते. बाई लालबुंद होऊन खाली बसल्या, पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली.